समुद्राच्या तळाशी फुगणारा डोंगर

ज्वालामुखी हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? शंकूच्या आकाराचा डोंगर, त्याच्या तोंडातून निघणारा धुराचा लोट आणि उतारावरून वाहणारा लालभडक लाव्हा. आज आपण ज्या ज्वालामुखीची ओळख करून घेणार आहोत, तो यांपैकी काहीच दाखवीत नाही. त्याच्या माथ्यावर सुमारे १,४०० मीटर खोल पाणी आहे. तेथे सूर्याचा किरण पोचत नाही. सर्वांत जवळचा किनारा जवळजवळ पावणेपाचशे किलोमीटर दूर आहे. आणि तरीही जगात ज्या थोड्या ज्वालामुखींवर रात्रंदिवस अतिशय बारकाईने लक्ष ठेवले जाते, त्यांत याची गणना होते.

यातून दोन प्रश्न निर्माण होतात. जो डोंगर दिसत नाही, तो सेंटिमीटरभर उंच झाला हे किनाऱ्यावर बसून कसे कळते? आणि इतके बारीक मोजमाप हाती असूनही, ‘अमुक दिवशी उद्रेक होईल’ असे शास्त्रज्ञ का सांगू शकत नाहीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. दुसऱ्याचे उत्तर त्याहून अवघड आहे, आणि माणसांच्या जगण्यामरण्याशी त्याचा संबंध आहे.

हा डोंगर आहे तरी कोठे?

या ज्वालामुखीचे नाव अ‍ॅक्सियल. अमेरिकेच्या ऑरेगन राज्याच्या पश्चिमेला, पॅसिफिक महासागराच्या तळाशी तो आहे. पृथ्वीचे कवच अखंड नसून ते लहानमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. अ‍ॅक्सियलच्या ठिकाणी पॅसिफिक भूपट्ट आणि हुआन दे फुका नावाचा लहान भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत आहेत. त्यांचा वेग वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या नखांच्या वाढीपेक्षा थोडासाच अधिक आहे. दोन भूपट्टांमध्ये जी फट पडू पाहते, ती भरून काढण्यासाठी खालून तप्त शिलारस वर येत राहतो. हा शिलारस थिजला की त्याचा बेसॉल्ट खडक बनतो. महाराष्ट्रातील वाचकांना हा खडक परका नाही. सह्याद्रीचे काळे कडे याच जातीच्या खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे पसरलेल्या लाव्हाच्या थरांतून ते बनले.

अ‍ॅक्सियलच्या माथ्यावर सुमारे आठ किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद असे बशीसारखे खोलगट कुंड आहे. या कुंडाच्या तळाखाली एक-दोन किलोमीटरवर शिलारसाचा मोठा साठा आहे. खालून शिलारस येत राहतो. वर जायला मात्र वाट नसते. मग साठ्याचे छत, म्हणजेच कुंडाचा तळ, हळूहळू वर उचलला जातो.

तव्यावरची भाकरी आठवा. आत वाफ कोंडली की वरचा पापुद्रा टम्म फुगतो आणि जेथे तो पातळ असेल तेथे फाटून वाफ बाहेर पडते. वाफ गेली की भाकरी पुन्हा बसते. अ‍ॅक्सियलचेही तसेच आहे. तो वर्षानुवर्षे फुगतो, फाटतो, शिलारस बाहेर पडतो आणि कुंडाचा तळ काही दिवसांत खाली बसतो. फरक एवढाच, की भाकरी एकदाच फुगते. हा डोंगर बसल्यावर लगेच पुन्हा फुगू लागतो.

पाण्याच्या दाबाची पट्टी

आता मोजमापाकडे वळू. द्रवाच्या तळाशी असणारा दाब हा द्रवाची घनता, गुरुत्वत्वरण आणि द्रवाची खोली यांच्या गुणाकाराइतका असतो, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १,०३० किलोग्रॅम आणि गुरुत्वत्वरण ९.८ धरा. खोली १,४०० मीटर घेतली, तर दाब सुमारे १ कोटी ४१ लक्ष पास्कल येतो. हा दाब आपल्या डोक्यावरील हवेच्या दाबाच्या जवळजवळ १४० पट आहे.

समजा, कुंडाच्या तळावर दाबमापक ठेवला आणि तळ एक सेंटिमीटर वर आला. दाबमापकावरील पाण्याचा स्तंभ एक सेंटिमीटरने कमी झाला. तेच सूत्र वापरा: दाब सुमारे १०१ पास्कलने उतरेल. म्हणजे एकूण दाबात सुमारे १ लक्ष ४० हजारांत एक एवढा बदल झाला. चौदाशे किलोग्रॅम वजनाची मोटार काट्यावर चढवली असताना तीत कोणी दहा ग्रॅमचे पाकीट ठेवले, तर ते त्या काट्याने ओळखावे, तसे हे आहे!

इतका सूक्ष्म फरक ओळखण्यासाठी क्वार्ट्झच्या स्फटिकाचा उपयोग करतात. मनगटी घड्याळात वेळ राखणारा तो हाच स्फटिक. सतारीच्या तारेचा ताण वाढवला की स्वर चढतो. त्याचप्रमाणे क्वार्ट्झवरील बल बदलले की त्याची कंपनसंख्या बदलते. कंपने मोजणे हे काम आपण फार अचूकपणे करू शकतो. म्हणून दाबाचा प्रश्न कंपने मोजण्याच्या प्रश्नात रूपांतरित केला, की काम साधते.

पण येथेच दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण भरती-ओहोटीची. समुद्राची पातळी दिवसातून दोनदा मीटर-दोन मीटरने वर-खाली होत असेल, तर एक सेंटिमीटरचा हिशेब कसा लागायचा? सुदैवाने भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या तालावर चालते. तिचे वेळापत्रक आधी काढता येते, ते नोंदीतून वजा करता येते आणि उरलेल्या चढउतारांची अनेक दिवसांची सरासरी घेता येते. पृष्ठभागावरील लाटांचा तर त्रासच नाही, कारण त्यांची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने कमी होत जाते आणि तळापर्यंत पोचतच नाही.

दुसरी अडचण अधिक खोडसाळ आहे. प्रचंड दाबाखाली वर्षानुवर्षे राहिलेले उपकरण हळूहळू चुकीचे आकडे दाखवू लागते. ही चूक वर्षाला काही सेंटिमीटरइतकी असू शकते. मग फुगला तो डोंगर की बिघडले ते उपकरण? दुकानदाराच्या काट्याविषयी शंका आली तर आपण काय करतो? ज्याचे वजन नक्की ठाऊक आहे अशी वस्तू त्यावर ठेवून पाहतो. शास्त्रज्ञांनीही हाच मार्ग काढला. त्यांनी समुद्रतळावर काही ठिकाणी कायमच्या बैठका मांडून ठेवल्या आहेत. त्यांपैकी एक ज्वालामुखीच्या माथ्यापासून दूर, जेथील जमीन हलत नाही अशा जागी आहे. मधूनमधून जहाजावरून सोडलेला यंत्रमानव एकच दाबमापक हातात धरून या सर्व बैठकांवर क्रमाक्रमाने नेऊन ठेवतो. स्थिर बैठकीच्या तुलनेत कुंडातील बैठक किती वर आली, हे असे ताडून पाहिले की उपकरणाची चूक वजा होते.

जहाजाकडून तारेकडे

अ‍ॅक्सियलचे तीन उद्रेक आधुनिक काळात नोंदले गेले: जानेवारी १९९८, एप्रिल २०११ आणि एप्रिल २०१५. या तिन्हींच्या कथा पाहिल्या, की दूरवरून लक्ष ठेवण्याची कला कशी वाढत गेली ते समजते.

१९९८ चा उद्रेक प्रथम ‘ऐकू’ आला. अमेरिकेच्या नौदलाने पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी समुद्रात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रे, बसवलेली होती. शास्त्रज्ञांना ती वापरण्याची परवानगी मिळाली होती. त्यांतूनच अ‍ॅक्सियलच्या भूकंपांचा गलका कानी पडला. याच वेळी तळावर ठेवलेल्या एका उपकरणाचे पाय लाव्हात अडकले. खालून फुगत चाललेल्या लाव्हाने त्याला तीन मीटरहून अधिक वर उचलले आणि लाव्हा ओसरल्यावर पुन्हा खाली आणून सोडले. या सगळ्या प्रवासात ते बिचारे उपकरण दाबाची नोंद करीतच राहिले! पुढे ते सोडवून वर आणले, तेव्हा समुद्रतळावर लाव्हा कसा पसरतो याची नोंद त्यातच लिहिलेली सापडली.

२०११ साली मात्र वेगळेच घडले. उद्रेक ६ एप्रिलला झाला, पण तो कोणालाच कळला नाही. जुलैच्या अखेरीस शास्त्रज्ञांचे जहाज नेहमीच्या पाहणीसाठी गेले. यंत्रमानव खाली उतरला आणि त्याच्या कॅमेऱ्यात ओळखीची जागाच दिसेना. जुन्या तळावर नवा काळा लाव्हा पसरला होता आणि काही उपकरणे त्याखाली गाडली गेली होती. उपकरणे बॅटरीवर चालत आणि नोंदी स्वतःजवळच साठवीत. जहाज येईपर्यंत त्या कोणाला वाचता येत नसत. रेडिओलहरींनी त्या पाठवाव्यात, तर खारे पाणी रेडिओलहरी थोड्याच अंतरात शोषून घेते.

यावर उपाय एकच होता: तळापर्यंत तार नेणे. २०१४ साली ऑरेगनच्या किनाऱ्यावरील पॅसिफिक सिटी या गावापासून समुद्रतळावरून टाकलेली केबल अ‍ॅक्सियलपर्यंत कार्यान्वित झाली. तिच्यातून उपकरणांना वीज जाते आणि काचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या स्पंदनांच्या रूपाने नोंदी परत येतात. दाबमापक, भूकंपमापक, तळाचा कल मोजणारी यंत्रे आणि हायड्रोफोन यांचे आकडे क्षणात किनाऱ्यावर पोचू लागले.

केबल बसून वर्षही झाले नाही, तोच २४ एप्रिल २०१५ रोजी उद्रेक झाला. एका दिवसात आठ हजारांवर लहान भूकंप नोंदले गेले. कुंडाचा तळ पुढील दिवसांत सुमारे २.४ मीटर खाली बसला. नवा लाव्हा पाण्याला भिडताना होणारे हजारो धमाके हायड्रोफोनांनी टिपले. त्या वेळी नेमके वर एखादे जहाज असते, तरी त्यावरील माणसांना काही कळले नसते. चौदाशे मीटर पाण्याच्या दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, तेथे ते तीनशे अंशांच्याही पुढे न्यावे लागते. त्यामुळे वाफेचा लोट उसळून पृष्ठभागावर येत नाही.

त्रैराशिक आणि त्याची मर्यादा

आता अंदाजाचा प्रश्न. अमेरिकेतील बिल चॅडविक आणि स्कॉट नूनर या दोन शास्त्रज्ञांनी अ‍ॅक्सियलचे फुगणे मोजण्याचे काम अनेक वर्षे चालवले आहे. त्यांची कल्पना सरळ आहे. मागच्या उद्रेकाच्या वेळी तळ जेवढा फुगला होता, साधारण तेवढा तो पुन्हा फुगला की पुढचा उद्रेक जवळ आला असे समजावे. २०११ मध्ये तळ सुमारे २.४ मीटर खाली बसला. त्यानंतर तो वर्षाला साठ सेंटिमीटरच्या आसपास वर येऊ लागला. आता त्रैराशिक मांडा: २४० सेंटिमीटर भरून यायला किती वर्षे लागतील? चार. २०११ मध्ये चार मिळवले की २०१५! प्रत्यक्षातील गणित इतके सोपे नव्हते. तरी याच विचारावरून २०१४ साली या दोघांनी पुढील वर्षी उद्रेक होईल असे जाहीर केले आणि तो झाला. त्यापूर्वी २००६ मध्ये त्यांनी २०१४ च्या आत उद्रेक होईल असे लिहिले होते. तेही खरे ठरले होते.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. २०१५ चा उद्रेक २०११ च्या उंचीवरच झाला नाही. त्या वेळी तळ सुमारे तीस सेंटिमीटर अधिक वर गेल्यावर तो फाटला. म्हणजे फाटण्याची सीमा दगडावर कोरलेली नाही. शिवाय फुगण्याचा वेगही एकसारखा नसतो. २०१५ नंतर तो आधी जोरात होता, मग मंदावत गेला. २०२३ मध्ये फुगणे थांबल्यासारखेच झाले. २०२४ मध्ये ते पुन्हा वाढून वर्षाला पंचवीस सेंटिमीटरच्या घरात गेले. तेव्हा २०२५ च्या अखेरपर्यंत उद्रेक होईल असा अंदाज या शास्त्रज्ञांनी वर्तवला. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. २०२५ मध्ये तळाने २०१५ ची उंची गाठली, ओलांडलीही. पण उद्रेक होईना. वर्ष सरत आले तेव्हा या दोघांनी आपला अंदाज उघडपणे मागे घेतला आणि तो २०२६ वर नेला. २०१५ पूर्वी भूकंपांची संख्या जशी वाढली होती, तशी ती या वेळी वाढलेली नाही, हेही त्यांनी दाखवून दिले.

येथे भरती-ओहोटी पुन्हा आपल्या भेटीला येते, पण या वेळी मदतीला. २०१५ पूर्वीच्या नोंदी तपासताना विल्यम विल्कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की अ‍ॅक्सियलचे लहान भूकंप ओहोटीच्या वेळी अधिक होतात. पाणी दोन मीटर उतरले, तर तळावरील दाब केवळ वीस हजार पास्कलने, म्हणजे हवेच्या दाबाच्या पाचव्या हिश्शाने, कमी होतो. एकूण १४० वातावरणांपुढे तो किती! पण वरचे ओझे एवढे कमी होताच खालचा शिलारस किंचित प्रसरण पावतो आणि आधीच ताणाच्या सीमेवर असलेल्या भेगा सरकतात. इतक्या क्षुल्लक बदलाला डोंगर साद देतो, यावरून तो सीमेच्या किती जवळ आहे ते ताडता येते. म्हणून तळाची उंची आणि भूकंपांची संख्या हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

अंदाज चुकला तर?

अ‍ॅक्सियलचा अंदाज चुकला, तर कोणाचे काहीच बिघडत नाही. तेथे गाव नाही, शेत नाही, शाळा नाही. जमिनीवरील ज्वालामुखींची गोष्ट मात्र वेगळी आहे.

कोलंबियातील नेवादो देल रुईझ हा बर्फाच्छादित ज्वालामुखी १९८५ मध्ये जागा होऊ लागला. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार झाला होता आणि आर्मेरो हे गाव चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर असल्याचे त्यात दाखवले होते. पण गाव वेळेवर हलवले गेले नाही. १३ नोव्हेंबरच्या रात्री उद्रेकाच्या उष्णतेने बर्फ वितळले, चिखलाचे लोंढे दऱ्यांतून खाली धावले आणि वीस हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली.

याच्या उलट घटना ग्वादलूप या कॅरिबियन बेटावरील. तेथे १९७६ साली ला सूफ्रिएर हा ज्वालामुखी धुमसू लागला म्हणून सत्तर हजारांवर लोकांना घरे सोडायला लावली. ते कित्येक महिने बाहेर राहिले, त्यांचे धंदे बसले. आणि मोठा उद्रेक झालाच नाही. अशा वेळी लोकांचा शास्त्रज्ञांवरील विश्वास उडतो. पुढच्या वेळी इशारा खरा असला, तरी तो कोण ऐकणार?

या दोन चुकांमधून मार्ग काढणे शक्य आहे, हे फिलिपाईन्समधील पिनातुबोने दाखवले. सुमारे पाचशे वर्षे शांत असलेला हा डोंगर १९९१ मध्ये हलू लागला. शास्त्रज्ञांनी तेथे भूकंपमापक बसवले आणि बाहेर पडणारा वायू मोजला. त्यांनी एकच तारीख सांगितली नाही. धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या आणि नोंदी बदलतील तसा इशारा एकेक पायरी वर नेला. १५ जून रोजी विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला, तोपर्यंत हजारो कुटुंबे दूर गेली होती. काहीशे लोक दगावले, पण निदान पाच हजार जीव वाचले असा हिशेब पुढे मांडला गेला.

आता अ‍ॅक्सियलचे महत्त्व तुमच्या ध्यानी येईल. अंदाज करायला शिकायचे, तर अंदाज आधी जाहीर केला पाहिजे आणि तो चुकला तर चूक मोजली पाहिजे. वस्तीजवळच्या डोंगरावर असा सराव महाग पडतो. ज्या डोंगराच्या उद्रेकाने कोणाला इजा होत नाही आणि जो दहा-पंधरा वर्षांत पुन्हा पुन्हा फुटतो, तो या सरावासाठी उत्तम जागा आहे. २०२५ चा चुकलेला अंदाजसुद्धा म्हणून वाया गेलेला नाही. तळाची उंची एवढ्यावरच विसंबून चालत नाही, हे त्याने शिकवले.

तुम्हीही करून पाहा

फाटण्याची सीमा दर वेळी का बदलते, हे वर्गात पाहता येते. एकाच डबीतील दहा खडू घ्या. सारख्या जाडीची दोन पुस्तके थोड्या अंतरावर ठेवून त्यांवर एक खडू पुलासारखा आडवा ठेवा. खडूच्या मध्यावर दोऱ्याने एक हलकी पिशवी टांगा आणि खडू मोडेपर्यंत तीत थोडी थोडी वाळू टाका. पिशवी वाळूसकट तोला आणि आकडा लिहून ठेवा. असे नऊ खडू मोडा. कारखाना एक, डबी एक, जाडी एक. तरीही नऊ आकडे सारखे येणार नाहीत. प्रत्येक खडूच्या पोटात डोळ्यांना न दिसणाऱ्या निरनिराळ्या भेगा असतात आणि तो कोठे, केव्हा मोडेल हे त्या ठरवतात. आपल्या डोंगराचे छतही असेच आहे. शिवाय ते प्रत्येक उद्रेकात फाटून पुन्हा सांधले जाते. तेव्हा तुमचा दर वेळचा खडू नवा असतो, तसे त्याचेही छत दर वेळी थोडे नवेच असते.

आता दहावा खडू पुस्तकांवर ठेवा, पण वाळू टाकण्याची घाई करू नका. आधी नऊ आकड्यांकडे नीट पाहा आणि हा खडू कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती वजनाला मोडेल, ते कागदावर लिहून फळ्याशेजारी चिकटवा. एकच आकडा लिहिण्याचा मोह टाळा, आणि काही झाले तरी आपण चुकणारच नाही अशी ऐसपैस मर्यादाही लिहू नका. मगच पहिली चिमूट टाका.